अक्कलदाढेचे शेरे

सोमवार, ४

सगळं बदललं ते आज दुपारी, आमच्या दातांच्या लॅबच्या मागच्या खोलीत, एका खालच्या जबड्याचं प्लास्टर घट्ट व्हायची वाट बघताना.

तेवढा वेळ रिकामाच असतो. डॉक्टरकडून आलेल्या ठशात प्लास्टर ओतलं, टेबल थरथरवून बुडबुडे काढले, की मग हात लावायचा नाही. नुसतं बसायचं. दादा पुढच्या खोलीत फोनवर कुणाशी तरी कवळीच्या रंगावरून हुज्जत घालत होता. मी मोबाईलवर 'समास' उघडलं.

ही साइट मला माझ्या वर्गातल्या त्या मुलीनंच दाखवली होती, कॉलेजात असताना. कुठले कुठले नवे लोक तिथं टोपणनावानं कथा टाकतात. ना जाहिरात, ना बक्षीस, ना पुढाऱ्याच्या हस्ते प्रकाशन. "दुकानात मिळतं ते शिजलेलं," ती म्हणायची, "हे अजून चुलीवर आहे." मला तेव्हा तिच्या तोंडाकडे बघायचं होतं, म्हणून मी मान हलवली होती. ती गेली. साइट राहिली. मी तिथं जातो ते ती काय वाचत असेल ते वाचायला. लिहून ठेवतो, नाहीतरी ही वही कुणी वाचत नाही.

आज नवी कथा होती. नाव 'साचा'. लेखिका 'पाहुणी'. पहिलं वाक्य असं: 'त्यानं तिच्या दातांचा साचा रुमालात गुंडाळून तिला भेट दिला, आणि सगळे हसले.'

मी उठून उभा राहिलो. कोपर लागलं, जबडा फरशीवर. तुकडे.

दादा धावत आला. "अरे ए, डोळे आहेत का बटणं लावलीत?"

मी म्हणालो, पडला.

"पडला नाही, पाडलास. आता त्या म्हातारीला परत बोलवून परत ठसा घ्यायचा. तू डॉक्टरला सांगतोस का मी सांगू?"

मला काही ऐकू येत नव्हतं. कारण तो मुलगा मी आहे.

गेल्या वर्षी तिच्या दातांचा ठसा आमच्याच लॅबमध्ये आला होता. झोपेत दात खाते म्हणून डॉक्टरनं पट्टी करायला सांगितली होती. चिठ्ठीवर तिचं नाव. माझा हात थरथरला, टेबलाची गरजच पडली नाही. मी दोन साचे ओतले, एक कामाचा आणि एक माझा. तिच्या वाढदिवसाला, कॅन्टीनमध्ये, तिच्या हातात दिला. मला वाटलं होतं, असं कुणी कुणाला दिलं नसेल. ती किंचाळली, मग हसली. "ई! हे काय विकृत आहे!" साचा टेबलावरच टाकून गेली, मी तो रुमालासकट परत आणला. दुसऱ्या दिवशी फळ्यावर खडूनं काढलेली बत्तिशी. तिसऱ्या दिवशी माझं नाव 'कवळी' पडलं होतं. मी दुसऱ्या वर्षाच्या मध्यात कॉलेज सोडलं ते असं. घरी सांगितलं, अभ्यास झेपत नाही.

आणि आता बाईसाहेब त्याची कथा करून मिरवतायत. पाहुणी म्हणे! आली, बसली, उठून गेली. नाव तरी बरोबर घेतलंय.

तिचे दात तिच्याच घशात घातले नाहीत तर मी माझ्या बापाचा नाही.

मंगळवार, ५

समासची रीत समजून घेतली. कथा महिनाभर 'ओली' असते. वाचणारे बाजूला शेरे लिहितात, लेखक पटेल तसं बदलतो. महिनाअखेरीला संध्याकाळी कथा 'वाळते'. त्यानंतर एक कानासुद्धा बदलता येत नाही. शेरेही तिच्याबरोबर वाळतात. कायमचे.

कायमचे. हे वाचून बरं वाटलं.

मी नाव नोंदवलं: अक्कलदाढ. उशिरा येते आणि जीव घेते.

पहिला शेरा: 'मुलाच्या हातात नुकता ओतलेला साचा "थंडगार" आहे असं लिहिलंय. लेखिकेनं जन्मात प्लास्टर हातात घेतलेलं दिसत नाही. घट्ट होताना ते तापतं. एवढं माहीत नसलेल्यानं दुसऱ्याच्या जखमेत बोट घालू नये.'

पाठवलं आणि दोन पोळ्या जास्त खाल्ल्या. आई म्हणाली, आज भूक लागली वाटतं. वहिनी ओट्याशी उभी राहून मोबाईल बघत होती.

"काय असतं गं त्यात सारखं?" दादानं विचारलं.

"पाककृती."

"मग ताटात का येत नाही?"

आई हसली, मी हसलो, वहिनी पण हसली. मोबाईल तिनं पिठाच्या डब्यामागे ठेवून दिला.

बुधवार, ६

काही नाही. ती गप्प आहे. घाव लागलाय.

चार वाजता वहिनी चहा घेऊन खाली आली. औषधाच्या दुकानातली तिची पाळी दुपारी संपते, मग आमचा चहा तिच्याकडे. आज कप ठेवून गेली नाही, टेबलाशी घुटमळली आणि नुकत्याच ओतलेल्या साच्यावर बोट टेकवलं.

"अगंबाई! खरंच की, गरम आहे."

"हात लावू नकोस वहिनी, अजून ओला आहे."

"चुकलं हो भाऊजी," म्हणाली आणि बोट तसंच हवेत धरून वर गेली. बायकांना कशाचं नवल वाटेल काही सांगता येत नाही.

गुरुवार, ७

बदललं तिनं! 'थंडगार' गेलं. आता असं आहे: 'साचा त्याच्या तळहातावर तापत गेला, ताप भरलेल्या लेकराच्या कपाळासारखा, आणि तो त्याला खाली ठेववेना.'

वाक्य चांगलं आहे. वाक्य चांगलं आहे याचाच संताप येतो. खाली लिहिलंय: 'अक्कलदाढ, आभारी आहे. मला ठाऊक नव्हतं. अजून सांगा.'

अजून सांगा! मी जोडा हाणतो आणि ही म्हणते पायाच्या मापाचा आहे.

दुपारभर शेरे लिहिले. रुमाल पांढरा नव्हता, चौकडीचा होता. मुलानं कविता म्हटली नाही, तो एवढंच म्हणाला की 'हे तुझं आहे.' गर्दी 'खदाखदा' हसली म्हणे! गर्दी कधी एकदम हसत नाही. आधी एक जण हसतो, बाकीचे त्याच्याकडे बघतात. हे तुला माहीत असायला हवं, तो पहिला कोण होता ते.

शेवटचं वाक्य पाठवताना खोडलं.

सोमवार, ११

सगळे शेरे तिनं घेतले. एकूण एक. कथा आता इतकी खरी झालीय की मला वाचवत नाही.

तिनं आणखी कुठल्या नावानं काय लिहिलंय ते हुडकून फाडावं म्हणून समासवरच्या जुन्या कथा उपसायला बसलो. तिचं काही सापडलं नाही. बाकीचंच वाचत बसलो. एकानं आपल्या सासऱ्याबद्दल लिहिलंय. म्हातारा कानातल्या यंत्राची बॅटरी मुद्दाम काढून ठेवतो, घरातलं भांडण ऐकू येऊ नये म्हणून, आणि एक दिवस नात त्याला पहिल्यांदा हाक मारते. एका कुणा 'चौथा मजला'नं लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या बाईची गोष्ट लिहिलीय. ती स्वतः नेहमी जिन्यानं जाते. ती गोष्ट वाचताना उकळत ठेवलेल्या भांड्यातलं पाणी आटलं आणि आत पक्की व्हायला ठेवलेली कवळी करपली. दादानं जे काय ऐकवलं ते इथं लिहिण्यासारखं नाही.

कोण आहेत हे लोक? कुणी विचारत नाही, कुणी देत नाही, नावसुद्धा लावत नाहीत, आणि एकेक वाक्य घासत बसतात. आम्ही कवळीची कड घासतो तसं. जिभेला टोचू नये म्हणून. घालणाऱ्याला कळतही नाही कुणी घासली.

असो. मी इथं वाचायला आलेलो नाही.

मंगळवार, १२

आज कथेत नवा परिच्छेद. 'मुलगा घरी आला. साचे घासायचं यंत्र सुरू केलं आणि त्याच्या आवाजाआड रडला.'

हे तिला कुणी सांगितलं? दादाला माहीत नाही. आईला माहीत नाही.

मी लिहिलं: 'मुलगी कागदाची वाटतेच. मुलगा रडत नाही. लेखिकेनं पदरचं घालू नये.'

तासाभरात उत्तर: 'रडतो. साचा टेकवला की चाक घोगरं होतं. रिकामं फिरताना नुसतं गुणगुणतं. त्या दिवशी ते बराच वेळ गुणगुणत होतं. दाराबाहेर उभं असलेल्याला कळतं.'

ती आमच्या दाराबाहेर कधी उभी होती? म्हणजे माझ्यामागे माणूस लावला होता. हसून पोट भरलं नाही, मागाहून बघायलाही माणूस पाठवला!

ठरलं. महिनाअखेरीला, कथा वाळायच्या आधी शेवटचा शेरा माझा. तिचं पूर्ण नाव, आडनावासकट. ऑफिसचा पत्ता. आणि तिच्या दातांचा फोटो. म्हणजे जो कुणी ही कथा वाचेल त्याला तिची बत्तिशीही दिसेल, जन्मभर. हसतील त्यांचे दात दिसतील, आई म्हणते ना. दाखवतोच.

शनिवार, १६

तिच्या ऑफिसात जाऊन आलो. लोकांना सहलीला पाठवतात तिथं ती बसते. काचेमागे. केस कापलेत. मला वाटलं होतं, बघून फक्त राग येईल.

"बसा ना," ती मान वर न करता म्हणाली. मग वर बघितलं. "तू?"

"कथा छान जमलीय," मी म्हणालो.

"कसली कथा?"

"पाहुणी!"

"कोण पाहुणी? हे बघ, इथं गिऱ्हाइकं आहेत, तू..."

मी मोबाईल तिच्यापुढे धरला. तिनं वाचलं. सगळं वाचलं. शेजारच्या टेबलावरचा माणूस टाय सैल करून आमच्याकडे बघत होता. तिचा चेहरा हळूहळू उतरत गेला. नाटक तिला आधीपासून येतं.

"हे मी लिहिलेलं नाही," ती म्हणाली. "वर्षभरात मी धड काही वाचलंसुद्धा नाही. समास अजून चालू आहे?"

"मग कुणी लिहिलं? भुतानं?"

"मला काय माहीत. पण ज्यानं लिहिलंय त्याला..." ती थांबली. "मी त्या दिवशी हसले, कारण मला भीती वाटली. सगळे बघत होते. ते माझ्या तोंडातलं होतं रे. तू माझ्या दातांना हात लावलास आणि मला विचारलंसुद्धा नाहीस. वर सगळ्यांसमोर दाखवलंस."

"मी प्रेमानं..."

"ते मला नंतर कळलं. म्हणून काय त्यानं बरं वाटतं?"

टायवाला उठला. "काही प्रॉब्लेम?"

"नाही," ती म्हणाली. "हे निघालेत."

हे! अहो-जाहो! त्या टायवाल्यासमोर. मी काचेचं दार असं आपटलं की आतली सगळी बेटांची चित्रं हलली.

रविवार, १७

जेवलो नाही. दुपारी वहिनी ताट घेऊन खाली आली, स्टुलावर बसली. "भाऊजी, कुणाशी भांडून आलात?"

मी सांगून टाकलं. कथेचं नाही, ऑफिसातलं. ती काय म्हणाली ते, शब्दाला शब्द. या पोरीचं, कॅन्टीनचं मी तेव्हाच वहिनीला सांगितलं होतं, दादाला नाही.

मला वाटलं वहिनी म्हणेल, जाऊ द्या, नालायक आहे. ती ताटावरचं झाकण काढत म्हणाली, "न विचारता, म्हणाली?"

"हो. जसं काही मी तिचे दात उपटून आणले."

"आणि हसली ती भीतीनं?"

"तू कुणाच्या बाजूनं आहेस वहिनी?"

"मी आपली ताट घेऊन आलेय," ती म्हणाली. "जेवा."

मंगळवार, १९

पकडली! आता ब्रह्मदेव आला तरी सुटायची नाही.

कथेत आज मुलगी बोलते. आत्तापर्यंत नुसती हसत होती. आता म्हणते: 'ते माझ्या तोंडातलं होतं. तू मला विचारलंसुद्धा नाहीस.' तेच शब्द! काचेमागे आम्ही दोघंच होतो. टायवाला काही कथा लिहीत नाही. 'मी लिहिलेलं नाही' म्हणे. खोटारडी.

खाली पाहुणीची ओळ: 'अक्कलदाढ, तुम्ही म्हणाला होता मुलगी कागदाची वाटते. आता बघा. तिची बाजू मला आधी ऐकूच आली नव्हती.'

समास चालवणाऱ्यांचाही मला निरोप आला. 'तुमचे शेरे जहाल असतात पण एकही फुकटचा नसतो. तुम्ही स्वतः काही लिहिता का?'

लिहितो. महिनाअखेरीला वाचा.

गुरुवार, २८

शेरा लिहून तयार आहे. सात-आठ वेळा घासला. नाव, पत्ता, 'हीच ती पाहुणी, जी आधी हसते आणि मग त्यावर कथा करते.' शेवटचं वाक्य फार सुरेख झालंय. आता फक्त फोटो.

काल तिच्या ऑफिसवरून गेलो. ती डबा खात होती, एकटी. डाव्या बाजूनं चावते. तिकडचा वरचा सुळा जरा आत आहे, मला माहीत आहे. मला तिचा प्रत्येक दात माहीत आहे आणि ती जेवताना काय विचार करते ते माहीत नाही.

हे वाक्य कशाला लिहिलं कोण जाणे.

शनिवार, ३०

नीट लिहितो. वेळ थोडा आहे, संध्याकाळी कथा वाळणार.

जेवणानंतर दादा माल पोचवायला गेला. मी खणातून, मेणाच्या डब्यांमागून, तिचा साचा काढला. तो तसाच चौकडीच्या रुमालात होता. खिडकीच्या उजेडात धरला, मोबाईल रोखला, आणि दिसलं की पुढच्या दाताचा कोपरा वेगळा आहे.

तुटला होता. कुणीतरी तो भरला होता, मेणानं, जिवापाड काळजीनं. पण मेणबत्तीच्या मेणानं. पांढऱ्या. लॅबमधला माणूस गुलाबी मेण घेईल, डोळे मिटून घेईल, ते समोरच पडलेलं असतं. मेणबत्ती फक्त वर असते, स्वयंपाकघरात, पिठाच्या डब्याशेजारी.

पिठाच्या डब्याशेजारी.

मी तिथंच खाली बसलो. गरम आहे की, म्हणत हवेत धरलेलं बोट. रोज चहा घेऊन दाराशी कोण येतं? न विचारता, म्हणाली? पाककृती! अरे माझ्या कर्मा. मी महिनाभर गावाला आग लावायला निघालो होतो आणि काडेपेटी घरात होती.

वर गेलो. आई आतल्या खोलीत झोपली होती. वहिनी ओट्याशी, पाठमोरी, अंगठे चालू.

"पाहुणी," मी म्हणालो.

अंगठे थांबले. ती वळली नाही. "हळू बोल," म्हणाली. "आई झोपल्यात." तीन वर्षांत पहिल्यांदा मला 'तू'.

"माझी लाज विकायला काढलीस?"

"विकायला तिथं घेतंय कोण? मूठभर लोक वाचतात. त्यातले निम्मे स्वतःचं छापून येईपर्यंत वेळ काढतायत."

"विनोद करू नकोस. माझा साचा पण फोडलास."

"पुसताना पडला. भरला की." आता ती वळली. डोळे भरलेले. "समास तूच दाखवलं होतंस एकदा. पण मी तुझी गोष्ट लिहायला बसलेच नव्हते रे. मी चहा घेऊन दाराशी उभी होते. आत चाक नुसतं गुणगुणत होतं. चहावर साय धरली तरी मला दार ढकलता येईना. या घरात कुणी रडत असलं तर दार ढकलायची पद्धत नाही, पाहुण्या बाईनं तर नाहीच. तेवढंच लिहायचं होतं, दाराबाहेरचं. मग तू आपोआप आत आलास."

"दादाला सांगतो. आत्ता आल्या आल्या."

"सांग. तो म्हणेल, लिहितेस तर किराण्याची यादी लिही." तिनं ओढणीनं नाक पुसलं. "तिथं एक माणूस आहे. अक्कलदाढ. महाखडूस, तोंड उघडलं की लागतंच. पण माझं एवढं मन लावून जन्मात कुणी वाचलं नाही. तुझ्या दादानं माझा एक निरोप कधी शेवटपर्यंत वाचला नाही. मी कशी थांबवू सांग."

माझ्या तोंडातून निघून गेलं, "अक्कलदाढ मी आहे."

ती बघतच राहिली. मग हसली. मग ते हसू तसंच तोंडावर ठेवून रडली. "म्हणजे शिव्याही घरच्याच?" म्हणाली.

आपलेच दात, आपलेच ओठ. कुणाला चावू?

"शेवट राहिलाय," थोड्या वेळानं म्हणाली. "मुलगा शेवटी काय करतो ते मला माहीत नाही. तूर्तास दार आपटून जातो असं लिहिलंय. तू नेहमी आपटतोस. बिजागरीचे स्क्रू मीच आवळते."

मी खाली आलो.

पहिलं काम, शेरा पुसला. नाव, पत्ता, ते सुरेख शेवटचं वाक्य, सगळं. त्या काचेमागच्या मुलीला माफ केलंय असं कुणी समजू नये. कुणालाच केलेलं नाही. पण कथा तिची नव्हती, आणि साचाही माझा नव्हता. तो मी यंत्रावर धरला. चाक घोगरं झालं. आधी मेणाचा कोपरा गेला, मग पुढचे दात, मग तो आत असलेला सुळा. पाण्याबरोबर पांढरं गटारात गेलं. रिकाम्या चाकाचं गुणगुणणं सुरू व्हायच्या आत मी बटण बंद केलं. जिन्यावर कुणी उभं असेल तर तिलाही ऐकू गेलं असेल.

मग पाहुणीला अक्कलदाढेचा शेवटचा शेरा लिहिला: 'शेवट चुकलाय. मुलगा दार आपटून जातो अशी लेखिकेची खात्री आहे. तिला तेवढंही सुख मिळता कामा नये.'

वर आई झोपलीय. वहिनी शेवट लिहितेय, आवाज आला तर तिचं वाक्य तुटेल. चप्पल हातात घेतलीय, बाहेर जाऊन घालीन. आता ही वही मिटतो, उठतो, आणि दार असं लावतो की कडीलासुद्धा कळणार नाही. घे म्हणावं सूड.